भोंग्याचं तोंड वस्तीकडे

कांता,

परवा आपल्या रेडिओच्या ऑफिसात तुझी शोकसभा झाली. साहेब उठले आणि म्हणाले, "शिवकांताबाई अतिशय अबोल होत्या. आपण बरं आणि आपलं काम बरं, असा त्यांचा स्वभाव." मी पहिल्याच रांगेत होते. पदर तोंडाला लावला. सगळ्यांना वाटलं, अरुणाताईंना रडू आवरेना. मला हसू आवरत नव्हतं गं. अबोल, आणि तू? जीप नांदेडहून निघाली की लातूर येईपर्यंत तुझी टकळी चालू. ड्रायव्हर बिचारा कंटाळून गाणी लावायचा, तर तू त्या गाण्यांचाही समाचार घ्यायचीस. ह्यात ढोलकी किती पुढे आली आहे, बाईचा आवाज कसा मागे पडलाय, हे कुणी लावलं, त्याला माझ्याकडे पाठवा.

आणि बढाई तर विचारूच नये. "अक्का, सांगून राहिले तुला, ह्या अख्ख्या मराठवाड्यात माझ्यासारखी आवाजाची लेव्हल लावनारी एक दाखव." मी म्हणायचे, अगं, ते लोकांना म्हणू दे की. "लोकाला काय कळतंय? त्यांला आवाज आला, झालं. तो कसा आला ते मलाच म्हाईत. मग मी न्हाई सांगावं तर कोनी सांगावं?" आणि तू खरंच तेवढी चांगली होतीस. माणूस गेला की त्याला साधंभोळं करून टाकायची आपल्याकडे रीत आहे. तुझ्या बाबतीत मी ती चालू देणार नाही. तू भांडखोर होतीस, बढाईखोर होतीस, आणि मला तू तशीच हवी आहेस.

तुझी ती काळी पेटी सध्या कपाटावर ठेवली आहे. बाहेरगावच्या प्रसारणाचं आपलं सगळं दुकान त्या पेटीत मावायचं. छोटा मिक्सर, चार माईक, हेडफोन, मोबाइलच्या सिमकार्डावरून आवाज थेट नांदेडच्या स्टुडिओत पाठवणारं ते यंत्र, आणि तुझ्या जिवापाड जपलेल्या वायरी. वायर गुंडाळताना तू एक फेर सुलट आणि एक उलट द्यायचीस, म्हणजे तिला पीळ पडत नाही. कुणी मदत म्हणून कोपराला गुंडाळायला लागला की तू त्याच्या हातावर चापट मारायचीस. एकदा अशी चापट एका नायब तहसीलदारांना बसली होती. ते हसले, म्हणून आपण वाचलो. परवा पेटी उघडली तर सगळ्या वायरी तशाच, सुलट-उलट, झोपवल्यासारख्या. मी बंद करून ठेवली.

आपण दर आठवड्याला एका गावात जायचो आणि तिथल्या माणसांना तिथूनच थेट रेडिओवर आणायचो. मी बोलणारी, तू आवाज पोचवणारी. पण तुझं काम फक्त बटणं फिरवायचं होतं, असं ज्याला वाटतं त्याने तुला लेव्हल घेताना, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज आधी जोखून बटण कुठे ठेवायचं ते ठरवताना, पाहिलेलं नाही. दुसरे इंजिनिअर माईक पुढे करून "हॅलो म्हणा" म्हणतात. तू कधी म्हटलं नाहीस. "हॅलो म्हनताना मानूस खोटा असतोय, अक्का. आता दबकून हॅलो म्हनंल आन् प्रसारन सुरू झालं की बोंबलंल. त्याचा खरा आवाज पायजे तर त्याला चिडवावं लागतंय."

भोकरला हळदीवर बोलायला ते प्राध्यापक आले होते, आठवतं? किती मृदू बोलत होते, मिक्सरवरचे दिवे हिरव्याच्या वर जाईनात. तू मान वर न करता विचारलंस, "सर, औंदा तुमच्याच शेतातली हळद सडली म्हनून ऐकलं, खरं का?" सर असे उसळले! "कोण म्हणालं? नाव सांगा मला त्याचं!" दिवे सटासट लाल झाले, तू शांतपणे बटण खाली ओढलंस, जिथे पाहिजे तिथे ठेवलंस आणि म्हणालीस, "झालं सर. लई झ्याक पीक आलंय म्हनं तुमचं." प्राध्यापक कार्यक्रमभर गोंधळलेले होते. पण हळदीच्या लागवडीवर बोलताना ते रंगात आले, तेव्हा आवाज एकदाही फाटला नाही. मी तुझ्याकडे पाहिलं तर तू भुवया उडवून मला विचारत होतीस, कशी हाय?

आपलं एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. ते तुझ्या त्या बाहेरच्या माईकचं. बोलणाऱ्यांचे माईक वेगळे आणि एक जादा माईक तू नुसता गावाकडे तोंड करून लावायचीस. त्यात शेळ्या यायच्या, पिठाची गिरणी यायची, कुणाची तरी हाक यायची. मी म्हणायचे, कांता, माझा आवाज बुडतोय त्यात. तू म्हणायचीस, "तुझा आवाज लोक रोज ऐकतेत. ह्या गावचा कधी ऐकला व्हता?" मी म्हणायचे, निदान कमी तरी ठेव. तू कमी केल्यासारखं बोट फिरवायचीस आणि काही कमी व्हायचं नाही. मला अजूनही वाटतं की तू तो माईक जास्तच उघडा ठेवायचीस. तू नाहीस म्हणून मी माझं म्हणणं मागे घेणार नाही, हे ध्यानात ठेव.

पण मला आज तुझ्याशी बोलायचं आहे ते शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या त्या गावाबद्दल. तू गेल्यापासून मी ती गोष्ट भेटेल त्याला सांगत सुटले आहे, आणि लोक तिचं काहीतरी भलतंच करतात. म्हणतात, पुढे काय होणार ते कांताबाईंना आधीच कळलं होतं. तुला काही कळलं नव्हतं. मी तिथे होते.

त्या गावात शाळेच्या वाटेवर दारूचं दुकान होतं. पुढच्या आठवड्यात महिलांची ग्रामसभा होती आणि दुकान हटवायचा ठराव तिथे व्हायचा होता. ठरावाला बाया जमतील की नाही, कुणालाच खात्री नव्हती. उघडपणे बोलायला तयार झालेली बाई एकच, सरूबाई. शेतात मजुरीला जाणारी, अंगाने काटकुळी. ती रेडिओवर बोलली आणि गावाने ऐकलं तर बाकीच्या घराबाहेर पडतील, असं अंगणवाडीच्या ताईंनी आपल्याला सांगितलं होतं. नाही बोलली तर ठराव बारगळणार, हेही त्यांनीच सांगितलं.

मांडव घातला होता दुकानदाराच्या मेहुण्याने. मांडव फुकट, स्पीकर फुकट, वर चहा. साहेबांनी निघताना तुला बजावलं होतं, की मांडववाल्याच्या मिक्सरमधूनच आवाज घ्या, वायरींचा पसारा नको, वेळ वाचेल. बहुतेक जण तसंच करतात. तू तोंडावर हो म्हणालीस आणि तिथे जाऊन त्याच्या माईकांशेजारी आपले माईक, आपल्या वायरी, सगळं वेगळं मांडलंस. मी म्हटलं, साहेब रागावतील. तर म्हणे, "त्याच्या मिक्सरवर धूळ किती हाय बग. त्याची घरघर मी माझ्या नावावर नांदेडला पाठवू व्हय?" एवढंच कारण होतं, कांता. तुझा तोरा. त्या तोऱ्याने त्या दिवशी काय केलं ते तुलाही नंतरच कळलं.

मग सरूबाईची लेव्हल. तुझी चिडवायची युक्ती तिथे सपशेल फसली, हे मी कबूल करवून घेणार आहे तुझ्याकडून. सरूबाई पदर तोंडावर धरून बोलायची, दिवा एकसुद्धा पेटेना. तू म्हणालीस, "मावशी, तुमच्या कालवनाला मीठ नसतंय म्हनं." ती म्हणाली, "हाव, माझी जावबी असंच म्हनती." तू म्हणालीस, तुम्हाला तर काहीच येत नाही असं ऐकलं. ती म्हणाली, "खरं हाय बाई." आता काय करणार? त्या बाईने आयुष्यात इतकं ऐकून घेतलं होतं की तिला राग आणायला तुझ्याकडे शब्दच नव्हते.

मग तू स्वतःचा हेडफोन काढलास आणि तिच्या कानांना लावलास. तुझा हेडफोन! जो तू मलाही कधी हात लावू दिला नाहीस. म्हणालीस, "आता तुमचं नाव सांगा." तिने सांगितलं आणि दचकून मागे पाहिलं. "हे कोन बोलून राहिलंय?"

"तुमीच की."

तिने पुन्हा नाव सांगितलं. मग माहेरचं नाव सांगितलं, मग लेकीचं. पदर कधी खाली आला ते तिलाही कळलं नाही. तू माईक तिच्या ओठांपासून चार बोटांवर आणलास, मांडवातले पंखे बंद करायला लावलेस, जनरेटर पार शेजारच्या वाड्याच्या मागे नेऊन ठेवायला लावलास आणि माझ्याकडे वळून म्हणालीस, "अक्का, ही बोलताना तू मधी मधी हं हं करू नगंस. तुझं हं तिच्यापेक्षा मोठं हाय." मला राग आला होता. पण हं केलं नाही मी.

प्रसारण नुकतंच सुरू झालं होतं आणि आवाज घुमायला लागला. मी काहीही बोलले की एखाद्या श्वासाइतक्या अंतराने तेच वाक्य मागून परत यायचं. मांडववाला म्हणाला, तुमचं मशीन बिघडलं. तू नांदेडला एक गाणं लावायला सांगून मांडवाबाहेर धावलीस, मी मागे. मारुतीच्या देवळावर चार माणसं उभी होती, चेहऱ्यावर नुसता आनंद. आपलं गाव रेडिओवर येणार म्हणून त्यांनी मोबाइलवर आपलं केंद्र लावलं होतं आणि तो मोबाइल देवळाच्या भोंग्याला जोडला होता, अख्ख्या गावाने ऐकावं म्हणून. भोंग्याचं तोंड बरोबर आपल्या मांडवाकडे. तोच आवाज फिरून आपल्या माईकमध्ये शिरत होता. असं दुसऱ्या कुठल्या मुलखात कुणी करत असेल, असं मला वाटत नाही.

दुसरा कुणी असता तर त्याने आधी भोंगा बंद करायला लावला असता. मीसुद्धा तेच म्हणाले. तू त्या माणसांच्या तोंडाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "एवढ्या हौसेनं लावलाय, बंद कशाला? तोंड फिरवा त्याचं. वस्तीकडं करा. आन् थोडा बारीक करा." त्यांनी वर चढून भोंगा फिरवला. घुमणं थांबलं. परत येताना तू मांडवातल्या त्या बाहेरच्या माईकचं बटण स्वतः खाली ओढलंस, पूर्ण बंद. आपल्या एवढ्या वर्षांत तू तो आपण होऊन बंद केलास तो तेवढ्याच वेळी. मी तो माझा विजय समजते. तू कधी समजली नाहीस.

सरूबाईची पाळी आली. ती म्हणाली, "शाळंच्या वाटंवर दारूचं दुकान हाय. माझी लेक त्या वाटंनं जात व्हती. तिथं बसल्याले लोक काई-बाई बोलतेत. आता लेक म्हनती, शाळा नगं मला." आणि इतक्यात मांडवातले सगळे स्पीकर बंद पडले. मेहुणा स्वतःच्या मिक्सरपाशी उभा होता. म्हणाला, "लाइट गेली." त्याच्या मिक्सरवरचा दिवा त्याच्या पोटाशीच पेटलेला होता.

सरूबाईचा पदर पुन्हा तोंडावर गेला. मांडवातले पुढचे बाप्ये हसले. मला वाटलं, संपलं. मी तुझ्याकडे पाहिलं. तू हेडफोन कानावर दाबून धरला होतास आणि हाताने सरूबाईला सांगत होतीस, बोला, बोला. आपला माईक वेगळा होता, आपली वायर वेगळी होती, नांदेडला तिचा आवाज जातच होता. तिला हे कळेना. तशी तू वाकून तिच्या कानाशी काहीतरी बोललीस. काय बोललीस ते मी तुला कितीदा विचारलं आणि तू दर वेळी वेगळं सांगितलंस, त्यामुळे ते मला आता कधीच कळणार नाही.

ती पुन्हा बोलायला लागली. मांडवात तिचा आवाज तिसऱ्या माणसापर्यंतसुद्धा पोचत नव्हता. पण देवळावरून, पलीकडे तोंड केलेल्या त्या भोंग्यातून, ती वस्तीत ऐकू येत होती. "मला दुकानवाल्याचं काईबी वाईट करायचं न्हाई. मला माझी लेक शाळंत पायजे. बास." मांडवातले लोक माना वळवून बघायला लागले. मेहुणा आपल्या मिक्सरची बटणं बघत राहिला. आणि घराघरांतून बाया बाहेर आल्या. कुणाचे हात पिठाचे, कुणाच्या कडेवर लेकरू. भोंग्याखाली उभ्या राहून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मग त्या मांडवाकडे चालत आल्या. बाप्यांना सरकून जागा द्यावी लागली.

साहेबांना तक्रारीचे फोन गेलेच. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुला बोलावलं, मांडववाल्याचा आवाज घ्या म्हणून सांगितलं होतं ना, म्हणाले. तू म्हणालीस, "साहेब, त्याचा आवाज बंद पडला, आपला चालू व्हता. तकरार नेमकी कशाची हाय तेवढं सांगा, मी दुरुस्त करते." साहेब पाणी प्यायले. ठराव झाला. दुकान हलायला मात्र पुढे बराच काळ गेला, मोर्चे झाले, कचेरीच्या चकरा झाल्या, त्या सगळ्या त्या बायांनी केल्या. आपण फक्त एका सकाळी तिथे गेलो होतो. हे तूच मला सांगायचीस, आणि लगेच पुढे म्हणायचीस, "पन भोंगा मी फिरवला, हे इसरू नगं."

परतीच्या वाटेवर मला तुला काहीतरी म्हणायचं होतं. तुझ्याशेजारी बसायला मिळतं याचा मला किती अभिमान वाटतो, असं काहीसं. पण आधीच तू जीपमध्ये मावत नव्हतीस. ड्रायव्हरला तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होतीस आणि प्रत्येक वेळी भोंगा आणखी उंच होत होता. म्हटलं, आता हिला हे सांगितलं तर नांदेडपर्यंत आपल्याला टपावर बसावं लागेल. म्हणून नाही म्हटलं. आता म्हणते, कांता. मी आयुष्यभर बोलण्याची भाकर खाल्ली, आणि माझं बोलणं ऐकण्याजोगं झालं ते तुझ्या हाताखाली. नवे इंजिनिअर चांगले आहेत, शहाणे आहेत. जळकोटच्या कार्यक्रमाला मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी मला हॅलो म्हणायला सांगितलं. मी त्यांना तुझी पद्धत समजावली आणि त्यांनी लगेच मला, ताई, तुमचा आवाज हल्ली बसत चाललाय का, असं विचारलं. मी खरोखर चिडले. तुझं काम पुढे चालू आहे.

उदगीरला तुला तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे बसतं ठेवून नेलं. कपाळभर विभूती, गळ्यात लिंग, पुढे भजनी मंडळ. तुझ्या अव्वा मला धरून चालत होत्या. माझ्या हाताला हिसका देऊन म्हणाल्या, "बघ गं, कशी ताठ बसलीय माझी लेक." तशीच बसली होतीस.

दफनभूमीत मग आपल्याकडे होतात तशी भाषणं झाली. बॅटरीवरच्या स्पीकरचा माईक एका हातातून दुसऱ्या हातात फिरत होता. आधी तुमच्यातले एक पुढारी बोलले, त्यांना तुझं नाव मध्येच कुणीतरी सांगावं लागलं. मग एक पाहुणे, मग साहेब. मग कुणीतरी म्हणालं, ऊन चढलंय, आवरा, आणि स्पीकरवाल्याने वायर काढून कोपराला गुंडाळायला सुरुवात केली. तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आली. अंगाने तशीच काटकुळी, केस पांढरे झालेले. बरोबर गावच्या तीन-चार बाया. एसटी बदलत आल्या होत्या. मी ओळखलं आणि माझा हात अव्वांच्या हातातून सुटला. सरूबाई.

एक जण म्हणाला, "बाई, भाषणं संपली. माईक बंद झाला." ती म्हणाली, "असू द्या." पदर खांद्यावर नीट घेतला, तुझ्याकडे तोंड केलं आणि बोलली.

"मी लांबून आले. ही बाई माझ्या गावाला येकदाच आली व्हती. माझी लेक आता लातूरला नर्सिंग शिकून राहिली हाय, ते हिला सांगायचं राहिलं व्हतं. हिनं माझा आवाज मोठा केला न्हाई. व्हता तेवढाच घराघरात नेला."

तिने खाली वाकून मूठभर माती घेतली आणि ती तुझ्या पायाशी ठेवून मागे झाली. गर्दीच्या रेट्याने मी तोवर पार मागे, कुंपणाच्या भिंतीपर्यंत ढकलली गेले होते. मला शब्द न् शब्द ऐकू आला.